सीडी-डीव्हीडीवर थेट छपाई करण्यासाठी कोणता प्रिंटर घ्यावा?

कागदी लेबल न चिकटवता डिस्कवरच नाव किंवा चित्र छापायचे असेल, तर डिस्कसाठी स्वतंत्र ट्रे असलेला इंकजेट प्रिंटर घ्यावा. एप्सन आणि कॅननच्या मोजक्याच मॉडेलांत ही सोय असते, म्हणून खरेदीपूर्वी तपशीलपत्रकात तसा स्पष्ट उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे. साध्या लेसर प्रिंटरमध्ये डिस्क कधीही घालू नये.

माझ्या मते प्रिंटरइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष डिस्ककडे द्यायला हवे. ‘इंकजेट प्रिंटेबल’ डिस्कवर शाई शोषून घेणारा, बहुधा पांढरा थर असतो. साध्या चंदेरी डिस्कवर मात्र शाईचे बारीक थेंब तसेच साचून राहतात आणि बोट लागताच फरफटतात. १२० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर मधल्या छिद्राजवळपर्यंत छापायचे असल्यास ‘हब प्रिंटेबल’ प्रकार निवडून सॉफ्टवेअरमध्ये छपाईचा आतील व्यास त्यानुसार बदलावा, अन्यथा शाई उघड्या प्लास्टिकवर पडते.

माहिती आधी रेकॉर्ड करावी आणि मगच छपाई करावी, म्हणजे हाताळताना पडलेल्या ओरखड्यांमुळे रेकॉर्डिंग फसत नाही. छापलेली डिस्क दिवसभर वाळू द्यावी. शेकडो प्रती काढायच्या असतील, तर पाण्याने न पसरणारी छपाई देणारा थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर अधिक योग्य ठरतो.