बोअरच्या पाण्याचा खारेपणा थेंबांवरून मोजता येतो का?

तुमच्या दर्यापूरकडच्या बोअरचे पाणी खारट आहे, तेव्हा ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबांवरून, म्हणजे पृष्ठताणावरून (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आकसून धरणाऱ्या ओढीवरून), त्यातील क्षार मोजता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हा मार्ग धरू नये.

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पृष्ठभागापासून दूर, पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात राहतात, त्यामुळे तो थोडा वाढतो. पण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यातही ही वाढ जेमतेम १ मिलिन्यूटन भरते. आपल्या खारपाणपट्ट्यातील एखाद्या बोअरला लिटरमागे ३ ग्रॅम क्षार धरले, तर वाढ ०.१ च्याही आत राहते, आणि पाणी एका अंशाने तापले तरी पृष्ठताण ०.१५ ने घटतो. शिवाय ड्रॉपरला साबणाचा अंश राहिला असेल, तर तो पृष्ठताण इतका घटवतो की मिठाचा परिणाम शोधूनही सापडणार नाही. पराटीच्या (कपाशीच्या) पानावर नुसत्या पाण्याचा थेंब, गोड्या असो वा खाऱ्या, गोल बसून घरंगळतो आणि फवाऱ्यात थोडे स्टिकर, म्हणजे थेंब पसरवणारे साबणासारखे द्रव्य, मिसळताच पसरतो, ते याच कारणाने. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हा मात्र वेगळा प्रकार आहे: तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा साका करतात.

मोजायची ती विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार जास्त तशी तीही जास्त. साधा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरही प्रत्यक्षात तीच मोजतो आणि साधारण ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या गुणकाने गुणून आकडा दाखवतो. गुणक निराळे असल्यामुळे एकाच पाण्याला दोन मीटर दोन आकडे देतात. म्हणून शक्य असल्यास मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरमधील मूळ वाहकताच नोंदवा आणि मीटर आधी १४१३ च्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात टाकीतले तापलेले पाणी लगेच मोजू नका, ते २५ अंशांच्या जवळ येऊ द्या.

पडताळा हवा असेल, तर एक लिटर गाळलेले पाणी स्वच्छ, आधी वजन केलेल्या भांड्यात मंद आचेवर पूर्ण आटवून उरलेला थर भांड्यासह सोनाराच्या काट्यावर तोला. बायकार्बोनेटचा काही भाग वायू होऊन जात असल्याने वजन थोडे कमी भरेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांची मर्यादा सांगते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत.