२०२४ च्या फॉर्म्युला वन हंगामात उन्हाळी सुट्टीपर्यंत कोणाची कामगिरी खरोखर उठून दिसली? आणि त्यातल्या जुन्या शर्यती आता बघायच्या तर कोणत्या?

थेट नावं घेतो: रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन आणि हासचा निको हल्केनबर्ग. पहिल्या नावावर फारसा वाद होणार नाही. दुसऱ्यावर होईल, कारण सुट्टी लागली तेव्हा व्हर्स्टापेनच्या खात्यात २७७ गुण होते आणि हल्केनबर्गच्या खात्यात २२.

सुट्टी लागली ती बेल्जियमच्या शर्यतीनंतर. तोवर २४ पैकी १४ शर्यती उरकल्या होत्या, म्हणजे अर्ध्यापेक्षा थोड्या जास्तच. पण पहिल्या टप्प्याचा हिशोब सगळे तिथेच मांडतात, तेव्हा मीही तिथेच थांबतो.

या खेळातला गुणतक्ता निम्मा गाडीचा असतो. म्हणून कोणाची कामगिरी जोखायची असेल तर मी दोन गोष्टी बघतो. एक, तीच गाडी हाकणाऱ्या टीममेटनं काय केलं. आणि दोन, गाडी सर्वांत वेगवान नसलेल्या रविवारी हा माणूस कितव्या क्रमांकावर आला.

व्हर्स्टापेननं पहिल्या दहापैकी सात शर्यती जिंकल्या. त्यातल्या सुरुवातीच्या बघण्यात फारशी मजा नाही. बहरीनला दुसरा आलेला सर्जिओ पेरेझ त्याचाच टीममेट होता आणि तोही तब्बल २२ सेकंद मागे. खरी कमाई मे महिन्यापासूनची. मायामीला मॅक्लारेननं गाडीत मोठे बदल आणले आणि तिथून रेड बुलचं वर्चस्व ओसरत गेलं. पुढच्याच, इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत शुक्रवारच्या सरावात व्हर्स्टापेनची गाडी जागेवर राहत नव्हती. शनिवारी पात्रता फेरीत त्यानं पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, मिळवली ती पुढे चाललेल्या हल्केनबर्गच्या गाडीच्या आडोशाचा फायदा उचलून, आणि तीही एक दशांश सेकंदापेक्षा कमी फरकानं. रविवारी शेवटच्या टप्प्यात हार्ड, म्हणजे सर्वांत जास्त टिकणारे, टायरही साथ सोडायला लागले. ट्रॅकची हद्द ओलांडल्याबद्दल इशारा आधीच मिळालेला, म्हणजे आणखी एकदा चाकं बाहेर गेली की दंड ठरलेला. मागून मॅक्लारेनचा लँडो नॉरिस जवळ जवळ येतोय. अशा अवस्थेत एकही चूक न करता तो ०.७२५ सेकंदांनी जिंकला.

बार्सिलोनातही तेच. पोल नॉरिसची, पहिल्या वळणावर दोघांनाही मागे टाकून पुढे गेला मर्सिडीजचा जॉर्ज रसेल. व्हर्स्टापेननं तिसऱ्या लॅपलाच रसेलला गाठून ओलांडलं. नॉरिस मात्र पहिला टप्पाभर रसेलच्या मागे अडकून पडला. शेवटी दोघांत अंतर राहिलं सुमारे सव्वादोन सेकंदांचं. शर्यत तिथेच, तिसऱ्या लॅपला जिंकली गेली होती.

पण माझ्या मते त्याच्या सर्वोत्तम शर्यतींपैकी दोन अशा आहेत ज्या त्यानं जिंकल्याच नाहीत. ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला मधल्या टप्प्यात गाडीला वेगच नव्हता, तो पाचव्या क्रमांकापर्यंत घसरला होता. पाऊस आला, गेला, टायर बदलायच्या वेळा अचूक साधल्या आणि गडी दुसरा आला. स्पाला, म्हणजे बेल्जियमच्या शर्यतीत, ओल्या ट्रॅकवर पात्रता फेरीत तो बाकी सगळ्यांपेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेगवान होता. इंजिन बदलल्याच्या दंडामुळे दहा जागा मागे, म्हणजे अकराव्या क्रमांकावरून सुटला आणि आधी पाचवा, मग रसेलचा निकाल रद्द झाल्यावर (तो किस्सा पुढे येतो) चौथा ठरला. त्याच गाडीत पेरेझचे १४ शर्यतींनंतर १३१ गुण होते, टीममेटच्या निम्मेसुद्धा नाहीत. त्यातले १०३ मायामीपर्यंतच जमले होते. पुढच्या आठ शर्यतींत मिळून २८. त्या गाडीची खरी लायकी काय होती याचा अंदाज मला या आकड्यावरून येतो.

अर्थात तो देवमाणूस नाही. हंगेरीत शर्यतभर रेडिओवर चिडचिड, शेवटी मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनच्या गाडीला धडक आणि पाचवा क्रमांक. ऑस्ट्रियात नॉरिसशी झालेल्या टकरीत दंडही त्यालाच झाला.

नॉरिसबद्दल माझं मत अनेकांना कडू वाटतं. मायामीचा पहिला विजय अस्सल होता, त्याच्या ११०व्या शर्यतीत आलेला. सेफ्टी कारचं (अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखायला ट्रॅकवर येणारी गाडी) नशीब होतंच, पण ती बाजूला झाल्यावर त्यानं व्हर्स्टापेनला साडेसात सेकंद मागे टाकलं, ते नशिबानं होत नाही. पण त्यानंतर काय झालं? बार्सिलोनात सुरुवात हुकली. ऑस्ट्रियात शेवटून आठव्या लॅपला धडक झाली आणि हाती शून्य आलं. सिल्व्हरस्टोनला शर्यत हातात असताना शेवटच्या पिट स्टॉपला, म्हणजे टायर बदलायच्या थांब्याला, मीडियम सोडून लवकर झिजणारे सॉफ्ट टायर घेतले. हंगेरीत पोलवरून सुटूनही पहिल्याच वळणावर आघाडी गेली. हाता-तोंडाशी आलेले इतके घास गेले की १९९ गुण दुसऱ्या क्रमांकाचे असले तरी मला ते कमीच वाटतात. वेग होता, पदरात पाडून घेणं जमलं नाही.

हंगेरीचा तो प्रसंग तर बघण्यासारखा आहे. नॉरिसचा टीममेट ऑस्कर पियास्त्री पुढे होता, पण हॅमिल्टनपासून बचाव म्हणून संघानं नॉरिसला आधी पिटमध्ये बोलावलं आणि ताज्या टायरच्या फायद्यानं नॉरिस पुढे निघाला. मग वीसेक लॅप इंजिनिअरची विनवणी चालली होती की जागा परत कर. त्यानं ती शेवटच्या तीन लॅप उरल्या असताना केली. पियास्त्रीचा पहिला विजय असा आला, थोडा बेचव. तरीही मोनॅकोपासून सुट्टीपर्यंत एक विजय आणि तीन वेळा दुसरा क्रमांक हे त्याच्या दुसऱ्याच हंगामात. शांतपणे, गाजावाजा न करता.

मर्सिडीजचं चित्र गंमतशीर होतं. लुईस हॅमिल्टननं सिल्व्हरस्टोन जिंकलं ते डिसेंबर २०२१ नंतर प्रथमच, आणि एकाच ट्रॅकवर नववा विजय हा विक्रम. मग स्पालाही विजय त्याच्याच नावावर लागला, पण रेषा आधी ओलांडली होती रसेलनं. बाकीचे आघाडीवाले दोन पिट स्टॉप करत असताना रसेलनं रेडिओवरून एकाच स्टॉपचा आग्रह धरला आणि ४४ पैकी शेवटचे ३४ लॅप एकाच हार्ड टायरच्या सेटवर काढले. शेवटी हॅमिल्टन अर्ध्या सेकंदावर होता. नंतर वजन झालं. तेव्हा किमान ७९८ किलो हवं होतं, गाडी भरली ७९६.५. विजय रद्द. घासून गेलेले टायर हलके होतात, हे त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं गेलं. त्यात स्पाला शर्यत संपल्यावर पूर्ण लॅप मारून परत येत नाहीत, त्यामुळे ट्रॅकवरचा रबर टायरला चिकटवून वजन वाढवायची सोयही नसते. निकाल नियमाप्रमाणेच होता, पण ड्रायव्हिंग म्हणून तो माझ्या पहिल्या तीनात आहे. एक हिशोब करून बघा: सुट्टीला हॅमिल्टनचे १५० आणि रसेलचे ११६ गुण होते. तो निकाल टिकला असता तर १४३ आणि १४१.

फेरारीत कार्लोस साइन्झची ऑस्ट्रेलियातली शर्यत. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे सौदीतल्या जेद्दाहच्या शर्यतीला मुकला आणि १६ दिवसांनी मेलबर्नला जिंकला. व्हर्स्टापेनचा ब्रेक पेटून तो बाहेर गेला हे खरं, पण साइन्झनं त्याला त्याआधीच ओलांडलं होतं. वर पुढच्या हंगामासाठी आपली जागा हॅमिल्टनला दिली गेलीय, हे माहीत असताना. जेद्दाहला त्याच्या जागी बसलेला ऑली बेअरमन १८ वर्षांचा. शुक्रवारी बोलावणं आलं, एक सराव सत्र मिळालं, अकराव्या क्रमांकावरून सुटून सातवा आला. शार्ल लक्लेरनं मोनॅको जिंकलं त्याचं मलाही कौतुक आहे, २०२१ मध्ये पोल असून गाडी सुरूच झाली नव्हती, २०२२ मध्ये संघाच्या डावपेचांनी घात केला होता. पण खरं काम शनिवारी झालं होतं. रविवारी पहिल्याच लॅपला लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली, सगळ्यांनी टायर फुकटात बदलले आणि मग नुसती मिरवणूक.

आता हल्केनबर्ग. हासचा संघ २०२३ मध्ये १२ गुणांवर शेवटचा होता. २०२४ मध्ये सुट्टीपर्यंतच २७ झाले, त्यातले २२ एकट्या हल्केनबर्गचे आणि ५ केविन मॅग्नुसनचे. त्या वर्षी पहिल्या चार संघांच्या आठ गाड्या नेहमी पुढे असायच्या, म्हणजे गुण मिळणाऱ्या पहिल्या दहा जागांतले इतरांसाठी उरायचे नववा आणि दहावा क्रमांक, एकूण तीन गुण. अशा दिवसांत ऑस्ट्रियात सहावा आणि पुढच्याच रविवारी सिल्व्हरस्टोनला पुन्हा सहावा. ऑस्ट्रियात तर त्यानं रेड बुलमधल्या पेरेझला शेवटपर्यंत मागे थोपवून धरलं. टायर सांभाळायला याला जमत नाही, शनिवारी पुढे आणि रविवारी मागे, असं त्याच्याबद्दल आदल्या वर्षी सगळेच म्हणायचे. दोन आठवड्यांत ते बोलणं बंद झालं.

मॅग्नुसनला मात्र जेद्दाहचं श्रेय द्यायलाच हवं. दहा-दहा सेकंदांचे दोन दंड बसल्यावर त्याची स्वतःची शर्यत संपल्यात जमा होती. मग त्यानं मुद्दाम वेग कमी ठेवून मागची रांग अडवून धरली. तोवर पुढे हल्केनबर्गनं इतकं अंतर काढलं की पिट स्टॉप करूनही तो त्या रांगेच्या पुढेच बाहेर आला. मिळाला एक गुण. तो बघताना मी जितका ताणलेला होतो तितका पुढे पहिल्या क्रमांकाच्या कुठल्या लढतीतही नव्हतो.

बघायचं म्हणाल तर आधी सिल्व्हरस्टोन, पूर्ण, आणि शक्य असेल तर निकाल विसरून. मग इमोलाचे शेवटचे पंधरा लॅप. स्पा निकाल माहीत असूनही बघा, रसेलचे टायर कधी संपतात याची वाट बघण्यातच ती रंगते. हंगेरी बघणार असाल तर रेडिओ संवाद चालू ठेवा, आवाज बंद करून त्या शर्यतीत काही उरत नाही. मोनॅकोची पात्रता फेरी बघा आणि शर्यत सोडून द्या. जेद्दाहची मधली वीस लॅप बघताना कॅमेरा पुढच्या गाड्या दाखवत राहील. तुम्ही बाजूच्या पट्टीवर दहाव्या आणि बाराव्या नावावर लक्ष ठेवा.