पहिल्या करारावर सही करण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

क्लबने तुला प्रॉप म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत धडका घ्यायला, करार देऊ केलाय, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. लीड्सच्या आपल्या मराठी मंडळींत रग्बी लीगवर पोट भरणारा माझ्या तरी पाहण्यात कुणी नाही, तेव्हा घरातून तुला सल्ला कोण देणार? फिजिओ म्हणून तुझ्यासारख्या पोरांचे खांदे-गुडघे बघत आलोय, त्या हक्काने लिहितो.

ट्राय, म्हणजे रेषेपार चेंडू टेकवून गुण, बहुतेकदा कडेने धावणारा विंगर करतो आणि टाळ्याही त्यालाच. त्याआधी तिघांना अंगावर घेऊन जे मीटर तू काढलेस, ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. कोचच्या मात्र राहतात. त्यातही तो बघतो, समोरच्यांनी अडवल्यावर तू पडतोस कसा. पाठीवर आपटलास तर समोरच्यांना सावरायला वेळ मिळतो. कोपर-गुडघे टेकून पालथा पडलास आणि झटकन उठून पायाने चेंडू मागे सरकवलास, तर समोरचे नियमाप्रमाणे दहा मीटर मागे पोचायच्या आत तुमची पुढची धाव सुरू होते. या एक-दोन सेकंदांवर तुझी संघातली जागा ठरेल. धावण्याइतकाच याचा सराव कर.

प्रॉपने सोसायचं असतं, हे तुला पहिल्या दिवसापासून ऐकवतील. खोटं नाही ते. १९५८ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची ब्रिस्बेनची कसोटीही सांगतील. ग्रेट ब्रिटनचा कर्णधार, सेंट हेलेन्सचा प्रॉप ॲलन प्रेस्कॉट याचा हात सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोडला, तरी तो शेवटपर्यंत खेळला आणि संघ २५-१८ असा जिंकला. ऐकताना आजही माझा ऊर भरून येतो. पण तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. तो बाहेर गेला असता तर मैदानावर बाराच उरले असते. तुझ्यामागे बेंचवर बदली खेळाडू बसलेले असतात.

म्हणून मुका मार सोस, डोक्याचा मार सोसू नकोस. टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला पकडून पाडताना, डोकं चुकीच्या बाजूला गेलं, क्षणभर अंधारी आली, की लगेच डॉक्टरांना सांग. जागा जाईल या भीतीने पोरं बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकतात आणि तोल सावरेपर्यंत वेळ काढतात. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेने २०२३ पासून कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्यावर, किमान ११ दिवस बाहेर ठेवायचा नियम केला, तो उगाच नाही. जेम्स ग्रॅहमसारखा खमका प्रॉप आपल्या इकडच्या सुपर लीगची २०२० ची ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, जिंकून निवृत्त झाला आणि आज डोक्याच्या दुखापतींबद्दल उघडपणे बोलतोय. त्याचं ऐक.

पैशांचं बोलायला लाजू नकोस. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हा खेळ मूळच्या रग्बीपासून वेगळा झाला, तोच सामन्यांसाठी बुडणाऱ्या खाण आणि गिरणी कामगारांच्या मजुरीची भरपाई मिळावी म्हणून. १८९८ मध्ये खेळून पैसे घ्यायला रीतसर मुभा मिळाली, तीही हाताला दुसरा रोजगार असेल तरच. पुढे ती अट गेली. तू मात्र ती आपल्यापुरती पाळ आणि इलेक्ट्रिशियनचा कोर्स अर्धवट टाकू नकोस. गुडघा कधी दगा देईल ते मीसुद्धा सांगू शकत नाही.

दुखापत झाल्यावर पगार किती महिने चालू राहतो, ते करारातलं कलम शोधून ठेव. शनिवारी मी घरीच आहे, कागद घेऊन ये. तोवर सही करू नकोस.

तुझा,
काका