दाराची बटणावर चालणारी काच दार उघडं असेल तेव्हाच वर-खाली होते, आणि वायपर पुढच्या काचेवर मधेच थांबतात. जुन्या गाडीत नेमकं काय बिघडलंय?

भाऊ, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. फ्यूज बघायला हरकत नाही, पण जळाला असता तर काच दार उघडूनही हलली नसती.

आधी काच. दार आणि गाडीच्या बिजागरीकडच्या खांबाच्या मधे काळी रबरी नळी असते. दर उघडझापीला तिच्यातल्या वायरी दुमडतात आणि कधीतरी आतल्या आत तुटतात. वरून आवरण शाबूत दिसतं, आणि दार उघडल्यावर तुटकी टोकं टेकली तर तेवढ्यापुरती काच चालते. माझ्या गाडीत नळी मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढली, तर लाल वायर रबरासारखी ताणली गेली. तांबं तुटलेलं होतं! बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वायरीचा नवा तुकडा सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा. नुसती पिळून टेप मारली तर महिनाभरात पुन्हा तेच.

जोडल्यावरही काच रडतखडत चढली, तर चॅनेलच्या, म्हणजे काच सरकते त्या खाचेच्या, रबरात धूळ आहे. जळगावकडे केळीच्या बागांच्या रस्त्यांनी फिरलं की ती भरणारच. ओल्या कपड्याने पुसा, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, धूळ आणखी चिकटते.

वायपर बंद केल्यावर जागेवर न जाता तिथेच थांबत असतील, तर बहुतेक वायपरच्या मोटारीतला पार्क स्विच, म्हणजे वायपरला खालच्या जागेवर नेऊन थांबवणारा स्विच, गेलाय. मोटार घुमते पण वायपरची दांडी हलत नाही, असं असेल तर आधी दांडीच्या बुडाचा नट आवळा. दहा नंबरचा किंवा त्याच्या आसपासचा पाना लागतो.

वायपरच्या ब्लेडचं रबर मात्र आपल्या मे महिन्यातच कडक होतं. ते जूनच्या आधी बदला.