हात लावायच्या आधी विचार

बाबू, रविवारपासून तू आमच्यासोबत व्हीलचेअरसाठीचे रॅम्प मोजायला येतोस, बरं वाटलं. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की कर: विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत व्हरायटी चौकात मी एका अंध काकांचा दंड धरला अन् थेट रस्ता पार करून दिला. पलीकडे गेल्यावर ते म्हणाले, "अरे, मी तर तिथं ऑटोची वाट पाहत होतो ना!" मुकाट्यानं परत आणून सोडलं. आता मी फक्त कोपर पुढे करतो. धरायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

व्हीलचेअरवरच्या माणसाशी बोलताना सोबत्याकडे पाहू नको. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर "यांना तिखट चालते का?" असं लोक बायकोला विचारतात! त्यालाच विचार ना, तोंड त्याचं आहे.

रॅम्प मोजायचे आहेत. उतार १:१२ लागतो, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी. बरेच जण दोन फुटांत फरशी तिरपी टाकून फोटो काढतात अन् मोकळे होतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, ऑटिझम, थॅलेसेमियासुद्धा. तेव्हा वरून धडधाकट दिसतो म्हणून "याला काय झालं?" म्हणू नको.

मोठ्या गोष्टी मला बोलता येत नाहीत. सीताबर्डीच्या गर्दीत व्हीलचेअर यावी, लोकांनी टक लावून न पाहता नुसती वाट द्यावी, एवढं पाहायचं आहे.

रविवारी आठला ये. टेप लांब आण, छोटा पुरत नाही.