तिसऱ्या मजल्यावरून टाकलेलं अंडं फुटू नये म्हणून डबा कसा बनवावा?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या शाळेत गच्चीवरून, म्हणजे साधारण १० मीटरवरून, अंडं टाकायचंय. घट्ट झाकणाच्या डब्यात कापूस ठासून तुम्ही तीनदा करून पाहिलंत. तिन्ही वेळा डब्याला ओरखडाही नाही आणि आत अंड्याचा लगदा. अहो, डबा शाबूत राहतोय म्हणूनच अंडं फुटतंय.

मी पॅकेजिंगच्या धंद्यात आहे. खोके मुद्दाम पाडून बघणं, ज्याला आम्ही ड्रॉप टेस्ट म्हणतो, हे पोटापाण्याचंच काम. तरी लेकीच्या वेळी पहिला डबा मीही स्टीलचाच घेतला होता, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

हिशोब सोपा आहे. १० मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. तो शून्यावर यायला अंड्याला किती अंतर मिळतं, सगळा खेळ त्याचा. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा. अंड्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या तितके पट जोर येतो. डबा टणक, कापूस दाबलेला, अंतर मिळालं १ सेंटिमीटर. म्हणजे हजार पट. ५५ ग्रॅमच्या अंड्यावर ५५ किलो, जणू कोणी त्यावर उभंच राहिलं. तेच अंतर १२ सेंटिमीटर केलंत तर जोर साडेचार किलोवर येतो. दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबलं तर अंडं साधारण तेवढ्यालाच फुटतं. म्हणून १२-१५ सेंटिमीटर चुरगळायला ठेवायचे, शिवाय अंड्याला सगळ्या बाजूंनी मऊ आधार द्यायचा, म्हणजे जोर एका ठिपक्यावर येत नाही.

कापसाचं दुखणं असं की ठासला तर दगड, सैल ठेवला तर अंडं त्यातून थेट तळाशी. स्पंज आणि फुगे उसळी मारतात, मग दुसरा आपटा बसतो. आपल्याला हवी ती वस्तू दबून तशीच राहणारी. कागद, पातळ पुठ्ठा, चुरमुरे. हो, चुरमुरे! मोडताना जोर खातात आणि परत उसळत नाहीत. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरच्या पायांत याच कामासाठी ॲल्युमिनियमची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी होती. बाईंनी ‘असं का केलं’ विचारलं तर मुलाला हे सांगता येईल.

आता बांधणी. कार्डपेपरचा ३० सेंटिमीटर उंचीचा शंकू करा, चणेवाल्याच्या पुडीसारखा, टोक खाली. टोकाकडचे १५ सेंटिमीटर पूर्ण रिकामे ठेवा. तिथे काही भरायचा मोह होईल, भरू नका. त्याच्या वर चुरमुऱ्यांची छोटी पिशवी, तिच्या मध्यभागी अंडं. पिशवी भरताना टेबलावर हलके आपटून पुन्हा भरा, नाहीतर चुरमुरे खाली बसतात आणि अंडं खुळखुळतं. मग पिशवी शंकूच्या कडांना चिकटपट्टीने पक्की करा. वजन खाली आणि वरचा भाग रुंद, त्यामुळे हे बॅडमिंटनच्या फुलासारखं टोकावरच पडतं. टोक आधी दुमडतं आणि वरचा भाग हळूहळू. चुरमुऱ्यांनी अख्खा खोका भरायचा विचार असेल तर सोडून द्या, वजन वाढतं आणि खालचा कागद एका झटक्यात सपाट होतो. पुठ्ठा वापरायचा असेल तर तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा, घ्या, पाच प्लाय फार कडक.

अंडं उभं की आडवं? मीही वर्षानुवर्षं ‘उभं’ म्हणत आलो. पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडाभराहून जास्त अंडी पाडून २०२५ मध्ये निष्कर्ष छापला की आडवं पडलेलं अंडं कमी फुटतं. अवघ्या ८ मिलिमीटरवरून उभी टाकलेली निम्म्याहून जास्त तडकली, आडवी दहातलं एकही जेमतेम. फुटायला लागणारा जोर दोन्हीकडे जवळपास सारखाच, पण आडवं अंडं तडकण्याआधी जास्त दबतं. म्हणून पिशवीत आडवं ठेवा.

पॅराशूट चालतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. चालत असेल तर बाकीचं सगळं दुय्यम. ३०० ग्रॅम वजनाला साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची कचऱ्याची काळी पिशवी पुरते; वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे सव्वा मीटरवरून पडल्यासारखं. मात्र ती घडी करून देऊ नका. सगळा प्रवास दीड सेकंदाचाही नाही, उघडेपर्यंत खेळ खलास. उघडीच धरून सोडायची, मधोमध लहानसं भोक पाडून, म्हणजे झोके कमी.

चाचणीला एक डझन अंडी आणा. प्रत्येक अंडं आधी मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा, दुकानातूनच बारीक तडा घेऊन आलेलं निघतं. चाचणीत झिपवाल्या पिशवीत घाला, म्हणजे फुटलं तरी भुर्जी होते. दर वेळी शंकू नवा. एकदा दुमडलेला कागद दुसऱ्यांदा जोर घेत नाही. स्पर्धेसाठी दोन जास्तीचे करून ठेवा.

आणि वरच्या बाजूला हाताने उघडेल अशी झडप ठेवा. आमच्या लेकीचं अंडं गच्चीवरून सहीसलामत खाली आलं होतं. मी चिकटपट्टी इतकी गुंडाळली होती की परीक्षकांना कात्री घ्यावी लागली, आणि ते कात्रीने फुटलं.