'गॉड' हा शब्द 'गुड'वरून आला का?

तुम्ही विचारलंय की 'गॉड' हा 'गुड'चा भाऊ आहे, की जनरेटर, ऑपरेटर, डिस्ट्रॉयर (म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश) यांची आद्याक्षरं आहेत.

आद्याक्षरांचं आधी उरकतो, कारण आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज सारखा फिरत असतो. 'गॉड' इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. 'ऑपरेटर' आणि 'जनरेटर' हे शब्द त्या भाषेत कितीतरी शतकांनंतर आले. विषय संपला.

'गुड'शीही नातं नाही. जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्द सारखेच लिहीत, पण 'चांगला' या अर्थाच्या शब्दातला 'ओ' दीर्घ आणि देवाच्या शब्दातला ऱ्हस्व. आपल्याकडे दिन आणि दीन आहेत ना, तसंच. घोटाळा झाला तो 'गॉस्पेल'मध्ये. मुळात त्याचा अर्थ 'चांगली बातमी', मराठी ख्रिस्ती लोक 'शुभवर्तमान' म्हणतात अगदी तोच. पुढे त्यातला 'ओ' ऱ्हस्व झाला आणि लोकांना ती 'देवाची गोष्ट' वाटू लागली. 'गुडबाय'मध्ये उलटं झालं: 'गॉड बी विथ यू'मधल्या देवाची जागा 'गुड'ने घेतली.

मग 'गॉड'चं मूळ कुठलं? तर थेट आपल्या ओळखीचं. संस्कृत आणि इंग्रजी एकाच भाषाकुळातल्या, म्हणून संस्कृत 'ह'च्या जागी इंग्रजीत बऱ्याचदा 'ग' सापडतो (हंस, गूस), आणि 'त'च्या जागी कधी 'ड' (शत, हंड्रेड). त्या हिशेबाने 'गॉड'समोर 'हुत' किंवा 'हूत' येऊन उभा राहतो. 'हुत' म्हणजे ज्याला आहुती दिली तो. 'हूत' म्हणजे ज्याला हाक मारली तो. आपलं 'आव्हान' या दुसऱ्या धातूचं. अभ्यासकांमध्ये दोन्ही पक्ष आहेत. माझा कल हाकेकडे, कारण ऋग्वेदात इंद्राला 'पुरुहूत', म्हणजे पुष्कळांनी बोलावलेला, असं नावच आहे.

गंमत म्हणजे हाच वाद यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेतला 'होता' (यज्ञातला एक पुरोहित) हा शब्द यास्क हाक मारण्यावरून लावतो, आणि तिथेच और्णवाभ या दुसऱ्या आचार्याचं मत देतो: नाही, तो आहुतीवरून.

अजून एक. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात) 'गॉड' हा शब्द आधी नपुंसकलिंगी होता, 'ते दैवत' म्हणतो तसा. ख्रिस्ती धर्म आल्यावर तो पुल्लिंगी झाला.